तमिळ गेली, मरिअम्मन राहिली

फेब्रुवारी २०२३ मध्ये फिजीतल्या नांदी शहरात बारावं विश्व हिंदी संमेलन भरलं, तेव्हा गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर परदेशी गेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांविषयी दोन मतं पुन्हा कानावर आली. त्यांनी आपली भाषा आणि धर्म जसेच्या तसे जपले, हे एक. आणि दुसरं, त्यांची हिंदी मोडकीतोडकी आहे. मला ही दोन्ही मतं चुकीची वाटतात. भाषा आणि धर्म एकाच गाठोड्यात बांधून नेता येतात, असं दोन्हींत गृहीत धरलेलं आहे. प्रत्यक्षात समुद्र ओलांडल्यावर या दोन गोष्टी वेगवेगळ्या नियमांनी जगतात, आणि त्याचं फिजीइतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडेल.

१८७९ मध्ये ‘लिओनिदास’ हे पहिलं जहाज फिजीत पोहोचलं. १९१६ पर्यंत साठ हजारांहून जास्त मजूर पाच वर्षांच्या करारावर, म्हणजे गिरमिटावर, तिथल्या उसाच्या मळ्यांत गेले. त्यांतले सुमारे ४५ हजार कलकत्त्याहून निघाले होते. बस्ती, गोंडा, फैजाबाद, आझमगढ अशा जिल्ह्यांतली ही माणसं कोणी अवधी बोलत, कोणी भोजपुरी. बाजारी हिंदुस्तानीही थोडीफार सगळ्यांना कळे.

मळ्यावरच्या बराकीत ही माणसं शेजारी शेजारी राहू लागली. पहिली पिढी एकमेकांना सांभाळून घेत बोलली. दुसऱ्याला कळणार नाहीत किंवा हसू येईल असे गावाकडचे शब्दप्रयोग लोक आपोआप टाळू लागले. पण खरी नवी भाषा घडवली ती मुलांनी. सरकारी नियमाप्रमाणे शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठवल्या जात. त्यामुळे जात-जिल्हा बघून लग्न जमवणं अशक्यच झालं. आई एका जिल्ह्यातली, बाप दुसऱ्या, शेजारी तिसऱ्या. एकाच क्रियापदाची पाच-सहा रूपं मुलाच्या कानावर पडत आणि त्यांतून त्याला एक व्याकरण जुळवावं लागे.

ही निवड कशी होते, ते भविष्यकाळात फार छान दिसतं. ‘तो करील’ याला भोजपुरीत ‘ऊ करी’ म्हणतात आणि अवधीच्या काही बोलींतही तसंच. बहुतेकांचं जमत होतं, म्हणून ते रूप टिकलं. पण ‘मी करीन’, ‘तू करशील’ यांसाठी करब, करबे, करबो, करबा असा नुसता गोंधळ. तिथे कोणत्याच गावचं रूप जिंकलं नाही, बाजारी हिंदुस्तानीतलं ‘करेगा’ आत शिरलं. म्हणून फिजी हिंदीत ‘हम करेगा’, ‘तुम करेगा’, पण ‘ऊ करी’. भूतकाळात उलट. भोजपुरीला मराठीसारखाच भूतकाळी ‘ल’ आहे: ‘ऊ देखलस’, म्हणजे त्याने पाहिलं. फिजीत हा ‘ल’ हरला आणि अवधीचं ‘ऊ देखिस’ राहिलं. मॉरिशसमध्ये भोजपुरी बोलणाऱ्यांचं वजन जास्त होतं, तिथे तो टिकला. क्रियापदाला लिंगाप्रमाणे बदलणारे प्रत्यय आणि प्रमाण हिंदीतला ‘ने’ही फिजीत गळून पडले. जेफ सीगल यांच्यासारख्या भाषावैज्ञानिकांनी या घडणीचा बारकाईने अभ्यास केला आहे. त्याला बोलीमिश्रणातून झालेलं समतलीकरण, म्हणजे बोलींमधले फरक गळून एक सामाईक रूप उरणं, म्हणता येईल. या भाषेला मोडकी म्हणणाऱ्याने ‘करेगा’ आणि ‘करी’ यांतला नियम एकदाही न चुकता वापरून दाखवावा.

१९०३ पासून मद्रासहून जहाजं येऊ लागली. आणखी सुमारे १५ हजार माणसं, तमिळ, तेलुगू, मल्याळम बोलणारी. पण तोवर चोवीस वर्षं उलटली होती आणि मळ्यावरची भाषा ठरून गेली होती. जीवशास्त्रात छोट्या बेटावर आधी पोहोचलेल्या मोजक्या जीवांचे गुण पुढच्या सगळ्या पिढ्यांवर ठसतात, त्याला संस्थापक परिणाम म्हणतात. भाषेतही तेच घडतं. उशिरा आलेल्यांची संख्या कमी नव्हती, तरी त्यांना शिकावी लागली ती आधीच्यांचीच बोली. आज त्यांच्या वंशजांपैकी बहुतेकांच्या घरात फिजी हिंदी बोलली जाते.

त्यांचे देव मात्र बदलले नाहीत. नांदीत सुब्रमण्यमचं भव्य मंदिर आहे आणि मरिअम्मन या तमिळ देवीचे भक्त अजूनही निखाऱ्यांवरून चालतात.

असं का व्हावं? मातृभाषा सहज येते ती लहानपणी, रोज, तासन्‌तास कानावर पडली तरच. एका पिढीने मुलांशी बोलणं थांबवलं की साखळी तुटते. विधीचं तसं नाही. तो वर्षातून एकदा केला तरी चालतो, मोठेपणी शिकता येतो, अर्थ न कळता म्हणता येतो, पोथीतून किंवा बाहेरून पुजारी आणून पुन्हा उभाही करता येतो. गाळणी धर्मालाही लागलीच. गावोगावचे ग्रामदेव मागे राहिले. रामायण, होळी, दिवाळी असं सगळ्यांचं सामाईक तेवढं पुढे गेलं. मोहरमच्या ताजियातही मळ्यावरचे हिंदू सामील होत. पण या गाळणीतून जे उरलं ते चिवट निघालं. त्रिनिदादमध्ये भोजपुरी घरातून जवळजवळ नाहीशी झाली, तरी तिथे रामलीला होते, तुलसीदासांच्या चौपाया गायल्या जातात.

आपल्या माणसांचंही हेच झालं. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या, मुख्यतः कोकणातल्या मजुरांचे वंशज आज घरी बहुतांशी फ्रेंचपासून घडलेली क्रिओल बोलतात. शाळेत मराठी हा ऐच्छिक विषय आहे. आणि गणेश चतुर्थीला मात्र देशभर सरकारी सुट्टी असते.

फिजीच्या २०१३ च्या राज्यघटनेने प्राथमिक शाळांत तिथल्या मूळ रहिवाशांच्या इतौकेई भाषेबरोबर बोलचालीची फिजी हिंदी सक्तीची केली, हे मला फार मोलाचं वाटतं, कारण तिथल्या शाळांत आणि रेडिओवर वर्षानुवर्षं मान होता तो प्रमाण हिंदीला. पण १९८७ च्या लष्करी उठावांनंतर हजारो कुटुंबं ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडात गेली. तिथे रामायण वाचणाऱ्या मंडळी भरतात आणि पुढेही भरतील. ‘ऊ देखिस’ म्हणणारी मुलं तिथे पुढच्या पिढीत असतील का, हे मात्र संध्याकाळी आईबाप त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलतात त्यावर ठरेल, मंदिरांच्या संख्येवर नाही.