घरी मराठी बोललं की मूल मागे पडतं?

'शाळा इंटरनॅशनल आहे ना, मग घरीही इंग्रजीच बोला, नाहीतर मूल गोंधळेल.' दुबईपासून पुण्यापर्यंत पालकांना हा सल्ला सर्रास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि बराच जुनाही.

१९२३ मध्ये वेल्समधल्या एका अभ्यासात खेड्यांतली द्विभाषिक मुलं बुद्धिमापन चाचणीत मागे दिसली. शहरांत तसा फरक नव्हता, पण ते कोण लक्षात ठेवतो! पुढे १९६२ मध्ये पील आणि लँबर्ट या संशोधकांनी मॉन्ट्रियलमध्ये साधारण एकाच आर्थिक स्तरातली १० वर्षांची मुलं तपासली. फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही येणारी मुलं सरस निघाली. (म्हणून दुसरी भाषा शिकवली की मूल आपोआप हुशार होतं, असंही नाही. तो उलट्या टोकाचा गैरसमज.)

'आई, मला वॉटर दे' हा गोंधळ नव्हे. शब्द उसना, पण वाक्याची बांधणी अस्सल मराठी. तेच मूल आजीकडे बिनबोभाट 'पाणी' मागतं.

खुद्द आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या अकरावी-बारावीच्या डिप्लोमात, शाळेत त्या भाषेचा शिक्षक नसला तरी मातृभाषेतलं साहित्य स्वतः अभ्यासून परीक्षा देण्याची सोय आहे. मराठीसाठी ती मिळेल का, हे प्रवेश घेतानाच शाळेच्या समन्वयकाला विचारून घ्या.