स्लॅबच्या पोटातल्या दोन अभिक्रिया

दहावीच्या विज्ञानात रासायनिक अभिक्रियांचा धडा शिकताना दोन गोष्टी हमखास भेटतात. चुन्याच्या निवळीत कार्बन डायऑक्साइड सोडला की ती दुधाळ होते, आणि दमट हवेत लोखंडाला गंज चढतो. मुलं पहिलीचं निरीक्षण पाठ करतात, दुसरीचं समीकरण संतुलित करतात आणि पेपर झाला की दोन्ही विसरतात. मुंबईत मात्र याच दोन अभिक्रिया, याच क्रमाने, जुन्या इमारतींच्या स्लॅबमध्ये वर्षानुवर्षं चालू असतात. पावसाळ्यात छताचे पोपडे सुटतात, सळया उघड्या पडतात, ते त्यांचंच फळ.

आधी समीकरण म्हणजे काय ते पाहू. लोखंडाचे ४ अणू आणि ऑक्सिजनचे ३ रेणू मिळून फेरिक ऑक्साइडची २ एककं होतात. हा अणूंचा जमाखर्च आहे. डावीकडे जेवढे अणू, तेवढेच उजवीकडे. एकही नवा जन्मत नाही, एकही नाहीसा होत नाही. वजनात सांगायचं तर ११२ ग्रॅम लोखंड ४८ ग्रॅम ऑक्सिजन घेतं आणि १६० ग्रॅम फेरिक ऑक्साइड बनतं. प्रत्यक्षातल्या गंजात पाणीही बांधलेलं असतं, त्यामुळे तो आणखी जड भरतो. गंजून लोखंड ‘झिजतं’ असं आपण म्हणतो, पण गंज झटकला नाही तर त्या वस्तूचं वजन वाढलेलं असतं. समीकरण संतुलित करताना रेणूंची संख्या बदलता येते, रेणूच्या आतली रचना नाही, यालाही कारण आहे. पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू जास्तीचा घातला तर ते पाणी राहत नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड होतं. हिशोब जुळतो, पण पदार्थच बदललेला असतो.

हा जमाखर्च अचूक असला तरी काही प्रश्नांवर तो गप्प असतो. अभिक्रिया सुरू कधी होणार? किती वेगाने चालणार? कशाने थांबणार? माझ्या मते अभिक्रिया समजणं खरं इथून सुरू होतं. संयोग की अपघटन, विस्थापन की दुहेरी विस्थापन, हा अभिक्रियेचा प्रकार ओळखणं त्यामानाने फारच किरकोळ काम आहे, आणि शाळेत वेळ मात्र त्यावरच जातो.

आता स्लॅबकडे येऊ. आरसीसीमधल्या, म्हणजे आत लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटमधल्या, सळईभोवती ओलावा असतो, सूक्ष्म छिद्रांतून हवाही पोहोचते. म्हणजे गंजाला लागणारं सगळं हजर आहे. तरीही चांगल्या काँक्रीटमधली सळई दशकानुदशकं गंजत नाही. का?

सिमेंटमध्ये पाणी मिसळलं की इतर पदार्थांबरोबर भरपूर कॅल्शियम हायड्रॉक्साइड तयार होतं. चुन्याच्या निवळीत असतं तेच. त्यामुळे काँक्रीटच्या छिद्रांतल्या पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, साडेबारा ते तेराच्या घरात राहतो. इतक्या अल्कधर्मी पाण्यात लोखंडावर ऑक्साइडचा एक घट्ट, अगदी पातळ थर बसतो. त्याची जाडी अवघी काही नॅनोमीटर. साधा गंज सच्छिद्र असतो, आतल्या लोखंडाला वाचवत नाही. हा थर मात्र चिकटून बसतो आणि पुढचं गंजणं जवळजवळ थांबवतो. लोखंड तेच, ऑक्सिजन तोच, पाणी तेच. सामू बदलला आणि निकाल बदलला.

आणि इथे निवळी दुधाळ करणारी अभिक्रिया येते. हवेच्या १०,००० भागांत कार्बन डायऑक्साइड जेमतेम ४ भाग असतो. तो छिद्रांतून हळूहळू आत शिरतो आणि कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं कॅल्शियम कार्बोनेट करत जातो. चुन्याचा गिलावा याच अभिक्रियेने टणक होतो, भिंतीवरची सफेदी याच अभिक्रियेने पक्की बसते. कार्बोनेटने काँक्रीटसुद्धा कमकुवत होत नाही. पण अल्कता संपते. सामू ९च्या खाली उतरला की सळईवरचा तो रक्षक थर टिकत नाही.

अभियंते हे कसं तपासतात, हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. काँक्रीटचा ताजा तुकडा काढून त्यावर फिनॉल्फ्थॅलीन फवारतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ल आणि आम्लारी ओळखायला वापरतो तेच दर्शक. जिथे अल्कता शिल्लक आहे तिथे काँक्रीट गुलाबी होतं, जिथे कार्बन डायऑक्साइड पोहोचला आहे तिथे रंगच येत नाही. तो बिनरंगी पट्टा सळईपर्यंत पोहोचला आहे का, एवढंच मग पाहायचं. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, कायद्याने बंधनकारक आहे. आपल्या सोसायटीत ते होणार असेल तर ही चाचणी मुलांना जरूर दाखवायला सांगा.

हा पट्टा आत सरकण्याचा वेगही लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याची खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते, कारण वायूला दर वेळी आधीचं अंतर ओलांडून पुढे जावं लागतं. पहिल्या १० मिलिमीटरना २० वर्षं लागली तर २० मिलिमीटरना ४० नव्हे, साधारण ८० वर्षं लागतील. म्हणजे सळईवरचं काँक्रीटचं आवरण निम्मं ठेवलं तर आयुष्य निम्मं नाही, पाव होतं. बांधकामाच्या वेळी सळईखाली कव्हर ब्लॉक, म्हणजे आवरणापुरती जागा राखणारा छोटा ठोकळा, ठेवायचा कंटाळा केला तर त्याची किंमत अशी मोजावी लागते.

मुंबईची हवा यात आपली भर घालते. काँक्रीटची छिद्रं पाण्याने पूर्ण भरली असतील तर कार्बन डायऑक्साइड आत जाऊ शकत नाही, म्हणून त्याचं काम कोरड्या महिन्यांत चालतं. गंजाला मात्र पाणी हवं असतं. त्याचा हंगाम पावसाळा. दोन अभिक्रियांनी वर्ष जणू वाटून घेतलं आहे.

शिवाय समुद्र आहे. खारट वाऱ्यातून किंवा नीट न धुतलेल्या खाडीच्या रेतीतून क्लोराइड काँक्रीटमध्ये येतं, आणि सामू भरपूर असतानाही ते त्या पातळ थराला जागोजागी भोकं पाडतं. गंजाचं समीकरण पुन्हा पाहा; त्यात क्लोराइड कुठेच नाही. ते लोखंडाशी जोडलं जातं, त्याला पाण्यात ओढतं, तिथे पुन्हा सुटं होतं आणि पुढच्या अणूकडे वळतं. खर्ची पडत नाही, म्हणून हिशोबात येत नाही. थोडंसं क्लोराइड वर्षानुवर्षं नुकसान करू शकतं ते यामुळेच.

शेवटी गंजाला जागा लागते. तो मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा व्यापतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतं, ताण नाही. सळईभोवतीचा गंज फुगला की ते आतून तडकतं आणि सळईखालचं आवरण सुटून पडतं.

शाळेत खिळ्यांचा प्रयोग तीन परीक्षानळ्यांत करतात: एकीत पाणी आणि हवा, दुसरीत उकळलेलं पाणी आणि वर तेलाचा थर, तिसरीत कोरडी हवा. मुंबईतल्या शिक्षकांनी यात आणखी दोन नळ्या वाढवाव्यात असं मला मनापासून वाटतं. एकीत चुन्याची निवळी, दुसरीत निवळी आणि बरंचसं मीठ, दोन्हींना घट्ट बूच. निवळीतला खिळा चकचकीत राहील, मिठाच्या निवळीत काही दिवसांनी डाग दिसू लागतील.

हे समजलेलं मूल घरच्या दुरुस्तीकडेही वेगळ्या नजरेने पाहील. सळईवरचा गंज तसाच ठेवून वर प्लास्टर मारलं तर आतली अभिक्रिया चालूच राहते. नुसता पडलेला तुकडा भरून घेतला तरी घोटाळा संपत नाही. गंजताना लोखंड एका जागी इलेक्ट्रॉन सोडून विरघळतं, आणि ते इलेक्ट्रॉन सळईतूनच दुसऱ्या जागी जाऊन तिथल्या ऑक्सिजन आणि पाण्याला मिळतात. नव्या, अल्कधर्मी काँक्रीटमधला सळईचा भाग सुरक्षित होतो, तेव्हा इलेक्ट्रॉन सोडण्याची जागा शेजारच्या जुन्या काँक्रीटमध्ये सरकू शकते. म्हणून कधीकधी दुरुस्त केलेल्या भागाला लागूनच दोन-चार पावसाळ्यांत नवी भेग उमटते. त्या भागातलं काँक्रीट आधीच तपासून, कार्बोनेट झालेला किंवा क्लोराइड मुरलेला भाग सळईच्या मागपर्यंत काढावा लागतो, तो अजून शाबूत दिसत असला तरीही.