साठ की सात? वकिलाच्या खोलीतलं भौतिकशास्त्र

मागच्या उन्हाळ्यात शेजारच्या आजींना घेऊन मी वकिलांकडे गेलो होतो. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. प्रकरण वाटणीचं. फेरफाराचा कागद बघत वकिलांनी विचारलं, "गट नंबर साठ तुमच्याच ताब्यात आहे ना?" आजी ठामपणे म्हणाल्या, "नाही जी, तो तर दिराकडे हाये." परतताना एसटीत उलगडा झाला. "मले तर सात आयकू आलं," आजी म्हणाल्या.

वकिलांनी नीट विचारलं होतं, आजींनी नीट उत्तर दिलं होतं. घोटाळा खोलीने केला होता.

म्हणून माझी भाची आणि तिचे दोन वर्गमित्र मिळून त्याच गावात वकिलीचं ऑफिस उघडायला निघाले, आणि "मामा, आलेल्या माणसाला परकं वाटू नये अशी जागा करायची आहे" असं ती म्हणाली, तेव्हा रंग, कुंड्या, फोटो यांच्याआधी मी तिला रिकाम्या खोलीत एक टाळी वाजवायला सांगितली. टाळी संपली, पण आवाज घुमत राहिला.

'साठ' आणि 'सात' यांतला फरक शेवटच्या व्यंजनात आहे. व्यंजन सेकंदाच्या काही शतांश भागातच संपतं, त्याची ऊर्जा कमी आणि त्याची ओळख पटते ती बहुतेक वरच्या कंप्रतेवरून, म्हणजे उंच पट्टीतल्या बारीक आवाजावरून. 'सा'मधला लांब 'आ' मात्र दणदणीत. टाइल्सची फरशी, गुळगुळीत प्लास्टर आणि वर टिन असलेल्या खोलीत तो 'आ' भिंतींवरून परतत राहतो आणि मागून येणारा 'ठ' त्याच्या शेपटीखाली दबतो. त्यात वय झालं की वरच्या कंप्रता ऐकण्याची शक्ती आधी जाते. आजींना आवाज येत होता, शब्द येत नव्हता. अशा वेळी माणूस एकदा "काय जी?" विचारतो, दुसऱ्यांदा विचारायला लाजतो आणि तिसऱ्यांदा नुसती मान हलवतो. वकिलासमोर हलवलेली मान महागात पडू शकते.

या घुमण्याचं गणित वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाने बसवलं. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाने त्याच्यावर एक अवघड काम सोपवलं. फॉग संग्रहालयाच्या नव्या व्याख्यानगृहात कोणाचंच बोलणं कळत नव्हतं, कारण तिथे आवाज साडेपाच सेकंद रेंगाळायचा. सॅबाइन रात्री, सगळं सामसूम झाल्यावर, जवळच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, थोड्या थोड्या वाढवत मांडायचा आणि ऑर्गनची एक नळी वाजवून आवाज विरेपर्यंतचा वेळ मोजायचा. उजाडायच्या आत गाद्या पुन्हा जागेवर. यातून निघालेलं सूत्र आजही वापरात आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ने गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणाने भागा. शोषण मोजायचं उघड्या खिडकीच्या मापाने, कारण खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही. एक चौरस मीटर उघडी खिडकी म्हणजे शोषण १.

भाचीची आतली खोली ४ मीटर बाय ५ मीटर, उंची ३. घनफळ ६०. भिंती, फरशी, छत मिळून ९४ चौरस मीटर पृष्ठभाग, आणि तो सगळा कडक. आवाजाचा जेमतेम ३ टक्के भाग तो शोषतो. उत्तर येतं सुमारे साडेतीन सेकंद. तीन माणसं, टेबल, कपाट आलं की दोन सेकंदांच्या आसपास. बोलणं स्वच्छ कळायला हे पाऊण सेकंदापर्यंत खाली यायला हवं.

बाजारात यासाठी फोमच्या चौकटी मिळतात. पण आपण कापसाच्या मुलखात राहतो. आवाज म्हणजे हवेची थरथर. कापसाच्या तंतूंमधल्या लाखो वाटांतून हवा ये-जा करते, घासते आणि त्या घर्षणात आवाजाची ऊर्जा उष्णतेत विरून जाते. मी सुचवलं, दोन भिंतींवर जाड गोधड्या टांगा, पण भिंतीला चिकटवून नको. मध्ये ८-९ सेंटिमीटर पोकळी ठेवा. १००० हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी ३४ सेंटिमीटर. तिच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे भिंतीपासून साडेआठ सेंटिमीटरवर, हवेची हालचाल सर्वात जोरात असते. भिंतीला लागून ती जवळपास शून्य असते, म्हणून चिकटवलेली गोधडी निम्मं काम वाया घालवते. १४ चौरस मीटर गोधड्यांनी निम्मा आवाज गिळला, तर घुमणं ०.८ सेकंदावर येतं. शिवाय त्या गोधड्या गावातल्याच बायांनी शिवलेल्या. आलेली बाई भिंतीकडे बघून टाके मोजते आणि तिथून बोलणं सुरू होतं. परकेपणा घालवायला यापेक्षा चांगली सजावट मला माहीत नाही.

आत ऐकू येणं ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी म्हणजे बाहेर ऐकू न येणं. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३च्या कलम १३२ने अशिलाने विश्वासाने सांगितलेलं उघड करण्यास वकिलाला मनाई केली आहे. कायदा वकिलाचं तोंड बांधतो, पण प्लायवुडच्या पार्टिशनचं काय? तालुक्याच्या ठिकाणी मी पाहिलेली बहुतेक पार्टिशनं छताच्या फूटभर खाली थांबतात. १० फुटांत १ फूट उघडा म्हणजे १० टक्के वाट मोकळी. आवाज फार तर १० डेसिबल अडतो, खालचा भाग कितीही जाड करा. साधं बोलणं एक मीटरवर ६० डेसिबल असतं. बाहेर उरतात ५०, म्हणजे बाकावर बसलेल्या चुलत दिराला शब्दन् शब्द कळतो. साडेचार इंची विटांची भिंत, दोन्ही बाजूंनी प्लास्टर करून थेट टिनापर्यंत नेली आणि टिनाच्या नाळ्यांमधल्या फटी बुजवल्या, तर ४० डेसिबलहून जास्त आवाज अडतो. उरलेली कुजबुज बाहेरच्या पंख्यातच बुडते. नवऱ्याच्या मारहाणीबद्दल बोलायला आलेल्या बाईसाठी ही भिंत सोफ्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे.

आता ऊन. मे महिन्यात दुपारी ४३ अंश आणि हवेत आर्द्रता १५ टक्के, अशी स्थिती आपल्याकडे नवी नाही. या कोरडेपणातच कूलरची ताकद आहे. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २४०० किलोज्यूल उष्णता ओढून घेतं. अशा हवेत ओला फडका गुंडाळलेला तापमापक २३ अंशांच्या जवळ उतरतो, आणि बऱ्यापैकी ताट्या असलेला कूलर ४३ची हवा २९पर्यंत आणतो. अट एकच: समोरची खिडकी उघडी हवी. ओली हवा बाहेर गेली नाही तर तासाभरात खोली दमट होते आणि कूलर नुसता पंखा उरतो. श्रावणात, पोळ्याच्या सुमारास तो निकामी वाटतो तो याच कारणाने.

इथे दोन गरजा भांडतात. कूलरला उघडी खिडकी हवी, गुप्ततेला बंद खोली. कूलरची घरघर बाहेर उपकारक, कारण आतलं बोलणं झाकते, पण आत तीच घरघर 'ठ' खाऊन टाकते. म्हणून मोठा कूलर बाहेरच्या बसायच्या जागेत ठेवला. आतल्या खोलीला मागच्या परसाकडे, जिथे कोणी बसत नाही, तिथे खिडकी दिली. माणूस यायच्या आधी छोट्या कूलरने खोली गार करायची आणि बोलणं सुरू झालं की वेग कमी करायचा. टिनावर पांढऱ्या चुन्याचे दोन हात आणि खाली हातभर पोकळी सोडून बांबूचे तट्टे. तापलेलं टिन डोक्यावर सरळ उष्णता फेकतं ती तट्ट्यांनी अडते. मात्र तट्ट्यांतून आवाज बिनदिक्कत जातो, म्हणून भिंत तट्ट्यांपाशी थांबवून चालत नाही. मिस्त्रीला हे तीनदा सांगावं लागलं.

बसायची मांडणी बिनखर्चाची आहे. १९५०च्या दशकात कॅनडातल्या सास्काचेवान प्रांतातल्या एका रुग्णालयात रॉबर्ट सॉमर या मानसशास्त्रज्ञाला दिसलं, की भिंतीला रांगेने लावलेल्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या बाया दिवसभर गप्प बसतात. त्याने छोटी टेबलं आणून खुर्च्या भोवती मांडल्या. काही आठवड्यांत आपसांतलं बोलणं जवळपास दुप्पट झालं. पुढे त्याला असंही दिसलं, की बोलायचं असेल तर माणसं टेबलाच्या कोपऱ्याला, काटकोनात बसतात. पिंपळाच्या पारावर आपण बसतो तसंच: नजर मिळवता येते, हवी तेव्हा वळवताही येते. भाचीने मोठं टेबल काढून टाकलं. अशील आता तिच्या समोर बसत नाही, कोपऱ्यावर बसतं, आणि सातबाऱ्याचा उतारा दोघांना एकाच बाजूने वाचता येतो.

तिची खुर्चीही मी हलवायला लावली. तिच्या पाठीमागे खिडकी होती, त्यामुळे चेहरा काळा दिसायचा. ऐकायला कमी येणारा माणूस ओठ बघून अर्धं समजून घेतो. शिवाय साठीच्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यावर विशीतल्याच्या सुमारे एक तृतीयांशच उजेड पोचतो. उजेड बाजूने हवा, आणि तो भरपूर हवा.

पायरीशेजारी १ फूट चढायला १२ फूट लांब असा उतार केला. बाहेर छपरी, तिथे माठ, आणि कोणालाही बसता येईल असा रुंद ओटा. वकिलाला जाहिरात करायची मुभा नाही, पाटीसुद्धा बेताच्या आकाराचीच लागते. त्यामुळे आत यायचं की नाही हे न ठरलेला माणूस जिथे टेकू शकतो, तो ओटा हेच त्यांचं आमंत्रण. जुन्या वहाणा घालून चकचकीत टाइल्सवर पाऊल टाकायला माणसं कचरतात, म्हणून बाहेरच्या भागात खरबरीत शहाबादी फरशी.

गेल्या रविवारी आम्ही परीक्षा घेतली. आत भाचीने वीस शब्द वाचले: साठ, सात, खत, मत, दान, धान. आजी कोपऱ्यावरच्या खुर्चीत बसून ऐकत होत्या आणि ऐकलेला शब्द परत म्हणत होत्या. मी दार लावून, बाहेरचा कूलर बंद ठेवून, ओट्यालगतच्या बाकावर कागद घेऊन बसलो. आजींचे एकोणीस बरोबर आले. 'साठ' त्यांनी जरा जोरातच म्हटलं. माझ्या कागदावर मात्र तीन शब्द उतरले होते, आणि तिन्ही बरोबर. दाराखाली बोटभर फट राहिली आहे. सुतार मंगळवारी रबराची पट्टी लावायला येतोय.