बिल्डरविना आपली इमारत: गृहनिर्माण संस्थेची नोंदणी कशी करायची?

काही कुटुंबांनी मिळून जमीन घ्यायची, स्वतः बांधायचं आणि येईल त्या खर्चात घर घ्यायचं. महाराष्ट्रात हा मार्ग सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली खुला आहे. बिल्डरचा नफा वाचतो, पण त्याची कामं मात्र सभासदांवर येतात. त्यातलं सर्वांत महत्त्वाचं काम जमीन तपासण्याचं.

२०१९च्या दुरुस्तीनुसार नोंदणीला किमान पाच जण किंवा नियोजित सभासदांपैकी ५१ टक्के, यातला जो आकडा मोठा असेल तेवढे लोक लागतात. वीस घरं बांधायची असतील तर अकरा. प्रत्येक जण वेगळ्या कुटुंबातला हवा, नवरा-बायको दोन मोजले जात नाहीत.

सभा घेऊन मुख्य प्रवर्तक (नोंदणीचं काम पाहणारा प्रमुख) निवडा आणि उपनिबंधक किंवा सहायक निबंधक कार्यालयात नाव आरक्षणाचा अर्ज द्या. मंजुरीबरोबर प्रस्तावित संस्थेच्या नावाने बँक खातं उघडायची परवानगी मिळते. त्याआधी कुणाच्याही वैयक्तिक खात्यात पैसे भरू नका, मग तो कितीही जवळचा असो. आदर्श उपविधींप्रमाणे (संस्थेच्या कारभाराचे नमुना नियम) प्रत्येकाने ५० रुपयांचे किमान दहा भाग (शेअर) घ्यायचे आणि १०० रुपये प्रवेश फी भरायची.

नोंदणीसाठी नमुना 'अ' मधला अर्ज, उपविधींच्या चार प्रती, बँकेतल्या शिलकेचा दाखला, सभासदांची यादी व प्रतिज्ञापत्रं, योजनेची माहिती आणि जमिनीची कागदपत्रं लागतात.

घाई होते ती या शेवटच्या बाबीत. सातबारा किंवा मालमत्ता पत्रक स्वतः वाचा. इतर हक्कांच्या रकान्यात बोजा आहे का, भोगवटादार वर्ग २ लिहिलंय का, हे पाहा. वर्ग २ असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय जमीन हस्तांतरित होत नाही. वकिलाचा शोध अहवाल (जमिनीच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी), खरेदीचा करार, बिनशेतीची स्थिती, मंजूर नकाशा, वास्तुविशारदाचा दाखला हे सगळं एकमेकांशी जुळलं पाहिजे. गट नंबर किंवा क्षेत्रफळात फरक दिसला तर इसार देण्याआधी दुरुस्त करून घ्या.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. सभासदांसाठी बांधणारी संस्थाही रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायद्याच्या व्याख्येत प्रवर्तक, म्हणजे बिल्डरसारखीच, ठरते. म्हणून महारेराची (या कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण) नोंदणी लागेल का, हे नकाशा काढतानाच विचारा.

निबंधकाने अर्ज दोन महिन्यांत निकाली काढायचा असतो. दाखल केल्याची पोच जपून ठेवा. प्रमाणपत्र मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत पहिली सर्वसाधारण सभा घ्या आणि त्यात आजवरचा सगळा खर्च सभासदांपुढे मांडा.