बावन्न ऐकलं, पंचवीस लिहिलं

पहिलीच्या वर्गात बाई आकडे सांगतात आणि मुलं पाटीवर लिहितात. बाई म्हणतात, ‘बावन्न’. कुणाच्या पाटीवर ५२ उमटतं, कुणाच्या २५. घरी हे कळलं की आईवडिलांचं बोलणं ठरलेलं: ‘लक्ष कुठं असतं रे तुझं?’ आता गंमत अशी, की २५ लिहिणाऱ्या पोरानं बहुतेक वेळा नीट लक्ष देऊनच ऐकलेलं असतं. आधी ‘बा’ ऐकू आलं म्हणून आधी दोन लिहिले, मग ‘वन्न’ आलं म्हणून नंतर पाच. ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. सोलापुरात एकाच बाकावर तेलुगू, कन्नड, मराठी आणि दखनी बोलणाऱ्या घरांतली पोरं बसतात, म्हणून इथं तर ही चूक जरा जवळून पाहण्यासारखी आहे.

केंद्र सरकारनं जुलै २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ अभियान सुरू केलं. त्यानुसार पहिली संपताना मुलाला ९९ पर्यंतच्या संख्या लिहिता-वाचता याव्यात आणि साधी बेरीज-वजाबाकी यावी, एवढी अपेक्षा आहे. मोठ्यांना हे किरकोळ वाटतं. पण नव्व्याण्णवपर्यंत पोचायला मुलाला तीन निराळ्या गोष्टींची सांगड घालावी लागते: समोरच्या वस्तू प्रत्यक्षात किती, त्यासाठी तोंडानं म्हणायचा शब्द कोणता आणि पाटीवर काढायची खूण कोणती.

‘किती’ची अंधूक जाण तर मूल जन्मापासूनच बाळगून असतं. फेई शू आणि एलिझाबेथ स्पेल्की या मानसशास्त्रज्ञांनी २००० साली दाखवलं, की सहा महिन्यांच्या बाळांना ८ ठिपके आणि १६ ठिपके यांतला फरक कळतो, ८ आणि १२ यांतला मात्र कळत नाही. बाळ काही बोलत नाही, पण एकाच संख्येची चित्रं बघून कंटाळलेलं बाळ नवी संख्या आली की जास्त वेळ टक लावून बघतं. हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. मोजणीला शब्द लागतात.

आणि ते शब्द आधी नुसते पाठ होतात. तीन वर्षांचं मूल पाहुण्यांसमोर ‘एक, दोन, तीन...’ दहापर्यंत धडाधड म्हणून दाखवतं. त्याच्यापुढे चिंचोके ठेवा आणि म्हणा, ‘मला तीन दे.’ ते मूठभर उचलून देईल. कॅरन विन यांनी १९९० च्या सुमारास हाच साधा प्रयोग पद्धतशीरपणे केला. त्यातून दिसलं, की मूल आधी फक्त ‘एक’चा अर्थ शिकतं, काही महिन्यांनी ‘दोन’चा, मग ‘तीन’चा. त्यानंतर कधीतरी, साधारण साडेतीन-चार वर्षांच्या आसपास, त्याच्या लक्षात येतं की मोजताना शेवटी जो शब्द आला तितक्याच वस्तू आहेत. तोपर्यंत उजळणी म्हणजे आरतीच: चाल पाठ, शब्द पाठ, अर्थ नंतर. पहिलीत येईपर्यंत बहुतेक मुलांनी ही पायरी ओलांडलेली असते, पण सगळ्यांनी नाही. जून महिन्यात ‘मला सात चिंचोके दे’ एवढं एकेकाला विचारलं तरी बाईंना कळतं, कोण कुठं आहे. शंभरपर्यंत म्हणायला लावून ते कळत नाही.

पाटीवरच्या खुणेची वेगळीच भानगड. पुष्कळ मुलं ३ उलटा काढतात आणि तो ६ सारखा दिसू लागतो. आपला मेंदू एरवी डावं-उजवं असा भेद फारसा करत नाही. बकरी डावीकडे तोंड करून उभी असो की उजवीकडे, ती बकरीच. अक्षर-अंकांच्या बाबतीत मात्र ही सोयीची सवय मोडावी लागते. स्तानिस्लास देहाएन यांच्यासारख्या मेंदूतज्ज्ञांनी यावर बरंच काम केलं आहे. पाच ते सात या वयात असं आरशातलं लिहिणं अगदी सामान्य आहे आणि बहुतेकांचं ते सरावानं जातं, तेव्हा पहिलीत त्याची धास्ती घेऊ नये.

खरी कसरत शब्दांची. दोन हा आकडा घ्या. बावीस, बत्तीस, बेचाळीस, बावन्न, बासष्ट, बाहत्तर, ब्याऐंशी, ब्याण्णव. कधी बा, कधी ब, कधी बे, कधी ब्या. दशकाचंही तसंच. ‘बेचाळीस’मध्ये चाळीस स्वच्छ ऐकू येतात, पण ‘बावन्न’मध्ये पन्नास शोधून सापडत नाहीत. त्यावर एकोणतीस, एकोणचाळीस ही मंडळी. तीसला एक उणा म्हणून एकोणतीस, हे सहा वर्षांच्या मुलाला कोण सांगणार? त्याला ‘एक’ ऐकू येतो, ‘तीस’ ऐकू येतात आणि ते ३१ लिहून मोकळं होतं. चूक आहे, पण अक्कल लावून केलेली. बरं, एकोण-चा नियम एकदा कळला तरी तो शेवटपर्यंत टिकत नाही. एकोणनव्वद झाले, पण ‘एकोणशंभर’ असं काही नसतं, तिथं नव्व्याण्णव. म्हणजे शंभरपर्यंतची नावं नियमानं तयार करता येत नाहीत, जवळजवळ एकेक करून पाठच करावी लागतात. दखनी-उर्दूच्या घरातल्या मुलाची सुटका नाही, त्याच्याकडे बाईस आणि उनतीस आहेतच.

एकक आधी आणि दशक नंतर ही उलटी चाल आपल्याकडेच आहे असं नाही. जर्मन भाषेत एकवीसला ‘एक आणि वीस’ अशा अर्थाचा शब्द आहे. ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांना संख्या ऐकवून लिहायला लावल्या, तेव्हा झालेल्या चुकांपैकी सुमारे निम्म्या या उलटापालटीशी संबंधित होत्या. हा अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. आता यावर कुणीही म्हणेल, की त्या मुलांचं गणितच कच्चं असेल. त्याला उत्तर चेक भाषेनं दिलं. चेकमध्ये दोन अंकी संख्या म्हणायच्या दोन्ही रीती चालतात, ‘वीस पाच’ही आणि ‘पाच आणि वीस’ही. संशोधकांनी त्याच मुलांना दोन्ही रीतींनी संख्या सांगितल्या. मुलं तीच, संख्या तशाच, तरी उलटापालटीच्या चुका मुख्यतः उलट्या रीतीतच झाल्या. मला या विषयातला हा सगळ्यात देखणा प्रयोग वाटतो.

आता सोलापूरकडे या. पूर्व भागातल्या पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात. तिथं बावीस म्हणजे ‘इरवै रेंडु’, सरळ वीस दोन. बावन्न म्हणजे ‘याभै रेंडु’, पन्नास दोन. अक्कलकोटकडच्या कन्नड घरात ‘इप्पत्तेरडु’ आणि ‘ऐवत्तेरडु’, तीच सरळ चाल. वीसच्या आतले शब्द या भाषांतही थोडे वेडेवाकडे आहेत, पण वीसनंतर रस्ता सरळ. सोलापूरच्या प्रत्येक पोराच्या कानावर संक्रांतीच्या यात्रेत पडणारा आकडा घ्या, सिद्धेश्वरांची अडुसष्ट लिंगं. मराठीत आधी आठ, मग साठ. कन्नडमध्ये ‘अरवत्तेंटु’, तेलुगूत ‘अरवै एनिमिदि’, दोन्हीकडे आधी साठ, मग आठ. यात्रेत मिरवणाऱ्या उंच काठ्या, म्हणजे नंदीध्वज, सातच, त्यामुळे तिथं कुणाचा घोळ होत नाही!

म्हणजे घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारं मूल पाटीवरच्या ६८ शी जुळणारा क्रम घरातूनच घेऊन येतं. महापालिकेच्या तेलुगू आणि कन्नड माध्यमाच्या शाळांत तो आपोआप कामी येतो. मराठी माध्यमात मात्र तो दाराबाहेर चपलांशेजारी राहतो, कारण ‘वर्गात मराठीतच बोला’ हा दंडक. दशक-एकक शिकवताना बाईंनी त्या मुलाला ‘तुमच्या घरी याला काय म्हणतात?’ एवढं विचारलं, तर अख्ख्या वर्गाला अडुसष्टमधले साठ ऐकू येतील. सेमी इंग्रजीवाल्यांचा प्रकार आणखी निराळा. त्यांना ‘सिक्स्टी एट’ येतं, पण भाजीवालीनं अडुसष्ट रुपये सांगितले की ती आईच्या तोंडाकडे बघतात.

हे सगळं ऐकून २०१९ चा वाद आठवेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावीस’च्या जोडीनं ‘वीस दोन’ असं वाचन आलं आणि एकच गहजब उडाला. मराठी बुडाली इथपासून विनोदांपर्यंत सगळं झालं, प्रकरण विधानसभेपर्यंत गेलं. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर होत्या. जोडाक्षरांची आणि उलट्या क्रमाची अडचण सोपी करावी, हा त्यांचा मुद्दा होता आणि त्यातला क्रमाचा भाग वर सांगितलेल्या अभ्यासांशी जुळणाराच होता. नॉर्वेनं तर १९५१ साली संसदेच्या निर्णयानं ‘दोन आणि वीस’ सोडून ‘वीस दोन’ अधिकृत केलं होतं. कारण शाळेचं नव्हतं, टेलिफोनचं होतं. नंबर सांगताना-जोडताना आकडे उलटसुलट होत होते. एवढं करूनही जुनी रीत तिथं लोकांच्या तोंडून पुरती गेलेली नाही.

माझं विचाराल तर ‘बावीस’ हटवायचं काहीच कारण नाही. बाजारात, पाढ्यात, आजोबांच्या बोलण्यात तोच आहे आणि राहणार. ‘वीस दोन’ ही वर चढताना धरायची दोरी, चढून झालं की सुटते. शिवाय त्यानं सगळं भागतंय असंही नाही. ‘वीस दोन’ ऐकून २०२ लिहिणारी मुलं असतातच, कारण वीसची खूण २० आणि त्यापुढे २. तिथं शब्द बदलून उपयोग नसतो, दशक हाताला लागावं लागतं.

त्यासाठी काड्या आणि रबर बॅंड पुरतात. दहा काड्यांची जुडी बांधायची, उरलेल्या सुट्या. सोलापुरातल्या विडी कामगारांच्या घरातलं पोरगं तर मोजून बंडलं बांधणं रोज डोळ्यांनी बघतं, तिथं मजुरीच हजार विड्यांवर ठरते. बंडल एक, पण आत ठरलेल्या विड्या, हे त्याला शिकवावं लागत नाही. पाटीवर २५ लिहिलेल्या मुलाला बावन्न दहा वेळा लिहायला लावण्यापेक्षा ‘बावन्न काड्या दे’ म्हणावं. ते पाच जुड्या आणि दोन सुट्या काड्या देईल, तेव्हा संख्या त्याला कळली आहे, फक्त लिहिताना क्रम फिरला. दोन जुड्या आणि पाच काड्या दिल्या तर ‘बावन्न’ हा शब्दच अजून बसलेला नाही. दोन्ही पाट्यांवर २५ च दिसतं, पण दोघांना पुढं शिकवायचं मात्र वेगवेगळं.