आकाश आणि लाट : किनाऱ्यावरील कृष्णधवल छायाचित्रणाची पार्श्वभूमी

समुद्रकिनाऱ्याची कृष्णधवल छायाचित्रे काढून पाहणे आता अगदी सोपे झाले आहे. कॅमेऱ्यातली किंवा मोबाइलमधली एक खूण बदलली की रंग जातात आणि चित्र हाती येते. परंतु नुसते रंग गेल्याने समुद्राचे चित्र चांगले होत नाही, हे पहिल्याच प्रयत्नात ध्यानात येते. निळे पाणी आणि निळे आकाश एकाच राखाडी छटेत उतरतात, ओली वाळू आणि तिच्यावरून ओसरणारा फेस यांतला फरक पुसट होतो आणि डोळ्यांना भव्य वाटलेले दृश्य कागदावर मिळमिळीत दिसते. समुद्राने छायाचित्रकारांपुढे सुरुवातीपासून दोन अडचणी उभ्या केल्या, एक आकाशाच्या उजेडाची आणि दुसरी लाटेच्या वेगाची. आज आपण सहज वापरतो ते बहुतेक उपाय या अडचणींशी झगडतानाच रुळले आहेत, त्यामुळे त्यांची पार्श्वभूमी प्रत्यक्ष कामातही उपयोगी पडते.

1839 मध्ये पॅरिसमध्ये दागेर या फ्रेंच कलावंताची छायाचित्रणाची पद्धत जाहीर झाली तेव्हा छायाचित्रासाठी लागणारा वेळ मिनिटांत मोजला जाई. तेवढ्या वेळात इमारती आणि डोंगर स्थिर राहत, पण समुद्र राहत नसे. त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत बंदरे, धक्के आणि नांगरलेली जहाजे यांची चित्रे निघाली, तरी फुटणारी लाट कोणाच्या हाती लागली नाही. परिस्थिती पालटली ती 1851 मध्ये, इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरने वेट कोलोडियन पद्धत प्रसिद्ध केल्यावर. काचेवरची ही निगेटिव्ह आधीच्या कागदी निगेटिव्हपेक्षा पुष्कळ वेगवान होती आणि तिच्यात बारकावेही स्वच्छ येत. वेल्समधील स्वान्सीजवळ राहणाऱ्या जॉन डिल्विन लुएलिन यांनी या पद्धतीने घराजवळच्या किनाऱ्यावर फुटणाऱ्या लाटा टिपल्या आणि 1855 च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांच्या गतिविषयक चित्रांना रौप्यपदक मिळाले. कागदी निगेटिव्हची पद्धत शोधणाऱ्या टॅल्बट यांच्या मावसबहिणीशी त्यांचा विवाह झाला होता, त्यामुळे छायाचित्रणाची कला त्यांच्या घरात अगदी आरंभापासून नांदत होती.

या पद्धतीने किनाऱ्यावर काम करणे म्हणजे काय होते, हे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. काचेवर कोलोडियनचा चिकट द्रव एकसारखा ओतायचा, ती काच अंधारात सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यायचे आणि वाळण्याआधी डेव्हलप करायची. या सगळ्याला जेमतेम दहा-पंधरा मिनिटे मिळत, म्हणून काळोखी खोलीच तंबूच्या रूपाने पुळणीवर न्यावी लागे. वाऱ्याने उडालेला वाळूचा कण ओल्या काचेवर चिकटला की तेवढा डाग कायमचा राही. समुद्राचे खारे पाणीही चांदीच्या द्रावणाचे वैरी होते, कारण मीठ आणि सिल्व्हर नायट्रेट एकत्र आले की सिल्व्हर क्लोराइडचा पांढरा साका तयार होतो.

एवढे सांभाळूनही आकाशाची अडचण उरत होतीच. कोलोडियनला निळा, जांभळा आणि अतिनील प्रकाश चटकन दिसे, हिरवा फार कमी दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. परिणामी निळे आकाश निगेटिव्हवर इतके भरून उतरे की प्रिंटमध्ये ते कोरे पांढरे दिसे आणि त्यातले ढग पार नाहीसे होत. जमिनीवरच्या दृश्यात कोरे आकाश एक वेळ खपून जाते, कारण खाली झाडे आणि घरे असतात. समुद्राच्या चित्रात मात्र निम्मी चौकट आकाशाचीच असते. समुद्रासाठी पुरेसा वेळ दिला तर आकाश जळून जाई आणि आकाशापुरता वेळ दिला तर पाणी काळे पडे.

या पेचातून सर्वांत देखणी वाट काढली ती गुस्ताव्ह ल ग्रे या फ्रेंच छायाचित्रकाराने. 1820 मध्ये जन्मलेला ल ग्रे मुळात चित्रकार होता आणि पॉल दलारोश यांच्या हाताखाली शिकला होता. मेणकागदाच्या निगेटिव्हची त्याची स्वतःची पद्धत होती आणि 1851 मध्ये फ्रान्समधील जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या सरकारी मोहिमेतही तो होता. 1856 ते 1858 या काळात त्याने नॉर्मंडीच्या आणि भूमध्य समुद्राच्या किनाऱ्यांवर सागरचित्रांची मालिका केली. त्यातले 1856 चे दोन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र लंडनमध्ये प्रदर्शित होताच गाजले. कॅमेरा उजेडाच्या दिशेने रोखून आणि प्रिंट गडद ठेवून त्याने भर दिवसा घेतलेल्या त्या दृश्याला असे रूप दिले की पाहणाऱ्यांना ते चांदण्यातले वाटले. समोरून येणारा आणि पाण्यावर चमकणारा उजेड भरपूर असल्यामुळे थोडक्या वेळात काम भागे आणि लाटांचे आकारही टिकत. समुद्राचे चित्र सूर्याकडे पाठ करून न घेता उजेडाला तोंड देऊन घ्यावे, हा धडा मला त्याच्या साऱ्या मालिकेतला सर्वांत मोलाचा वाटतो.

1857 मध्ये दक्षिण फ्रान्समधील सेत या बंदरगावी घेतलेले त्याचे मोठ्या लाटेचे चित्र तर छायाचित्रणाच्या इतिहासात मानाच्या जागी आहे. येथे त्याने दोन निगेटिव्ह वापरल्या, एक समुद्रासाठी आणि एक ढगाळ आकाशासाठी. त्या काळी प्रिंट मोठी करून काढण्याची सोय सर्रास नव्हती, म्हणून सुमारे तीस बाय चाळीस सेंटिमीटरच्या चित्रासाठी काचही तेवढीच मोठी लागे आणि निगेटिव्ह कागदाला भिडवून उन्हात छापावी लागे. ल ग्रे आधी कागदाचा अर्धा भाग झाकून समुद्र छापी, मग तो झाकून आकाश छापी आणि दोन्ही तुकडे क्षितिजरेषेवर सांधी. प्रिंट नीट पाहिली तर हा सांधा क्षितिजापाशी जाणवतो. काही आकाशे तर त्याने एकाहून अधिक चित्रांत वापरली आहेत, म्हणजे एका किनाऱ्यावरचे ढग दुसऱ्या समुद्रावर तरंगताना दिसतात. याला लबाडी म्हणणे मला पटत नाही. डोळ्यांना दिसलेले ढग काचेला दिसत नव्हते आणि ते चित्रात परत आणण्याचा त्या काळी हाच खात्रीचा मार्ग होता. आज आकाशासाठी एक आणि जमिनीसाठी एक अशा दोन फ्रेम संगणकावर जोडल्या जातात, ती हीच रीत आहे.

आणखी एक बाब आज सहसा लक्षात घेतली जात नाही. ल ग्रेची चित्रे खऱ्या अर्थाने काळी-पांढरी नव्हतीच. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेल्या कागदावर छापून ती सोन्याच्या क्षाराने टोन केली जात, त्यामुळे त्यांच्या छाया तपकिरी आणि जांभळट असत. त्याची पुढची वाटचाल मात्र खडतर झाली. कर्जात बुडून 1860 मध्ये त्याने कादंबरीकार अलेक्झांडर द्युमा यांच्या जहाजातून फ्रान्स सोडला आणि 1884 मध्ये तो कैरोत वारला. 1999 मध्ये लंडनच्या लिलावात त्याच्या मोठ्या लाटेच्या प्रिंटला 5,07,500 पौंड मिळाले, ती त्या वेळी छायाचित्राला मिळालेली विक्रमी किंमत होती.

मुंबईतही हे तंत्र मागे नव्हते. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना 1854 मध्ये झाली, म्हणजे ल ग्रे समुद्राकडे वळण्याच्या दोन वर्षे आधी. डॉ. भाऊ दाजी लाड तिच्याशी संबंधित होते आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी स्वतः छायाचित्रे काढीत. तथापि येथील सुरुवातीच्या छायाचित्रकारांचा भर माणसे, वेशभूषा, लेणी आणि इमारती यांवर राहिला. येथल्या उन्हात कोलोडियनमधील ईथर झपाट्याने उडून जाई आणि काच वाळण्याआधी हाताशी राहणारा वेळ आणखी कमी होई, हेही लक्षात घ्यायला हवे.

आकाशाच्या अडचणीवर रासायनिक उत्तर मिळायला आणखी पन्नास वर्षे गेली. 1873 मध्ये जर्मनीत हेर्मान फोगेल यांना असे आढळले की विशिष्ट रंगद्रव्य मिसळले की काच हिरव्या प्रकाशालाही दाद देते. तांबड्यासह सर्व रंग पाहू शकणाऱ्या पँक्रोमॅटिक काचा इंग्लंडच्या रॅटन अँड वेनराइट कंपनीने 1906 मध्ये बाजारात आणल्या. दरम्यान जिलेटिनच्या कोरड्या काचा आल्या होत्या, त्यामुळे किनाऱ्यावरचा तंबूही गेला होता. तांबडा रंग फिल्मला दिसू लागल्यावरच रंगीत फिल्टरला पुरा अर्थ आला. लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावला की निळा प्रकाश काहीसा अडतो आणि आकाश थोडे गडद होते, नारिंगी फिल्टरने अधिक गडद होते आणि लाल फिल्टरने ते जवळजवळ काळे पडून पांढरे ढग उठून दिसतात. 1927 मध्ये अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सने कॅलिफोर्नियातील योसेमिटीच्या कड्याचे चित्र लाल फिल्टर लावून घेतले, त्यातले काळेभोर आकाश पुढे कृष्णधवल निसर्गचित्रांचे जणू ठरीव लक्षण बनले.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर याच काळात वेगळा विचार रुजत होता. छायाचित्रकार एडवर्ड वेस्टन 1929 मध्ये कार्मेल या गावी राहायला गेला आणि जवळच्या पॉइंट लोबोसच्या खडकाळ भूशिरावर त्याने जवळजवळ वीस वर्षे काम केले. आठ बाय दहा इंचांच्या कॅमेऱ्याने घेतलेल्या या चित्रांपैकी बऱ्याच चित्रांत आकाशाला जागाच नाही. लाटांनी झिजलेला खडक, गोटे आणि किनाऱ्याला लागलेले समुद्रशैवाल यांवर त्याने कॅमेरा खाली रोखला. क्षितिज चौकटीबाहेर राहिले की उजेडाचा पेचही बाहेर राहतो आणि उरतो तो पोत. 1932 मध्ये वेस्टन, अ‍ॅडम्स, इमोजेन कनिंगहॅम आणि त्यांच्या सोबत्यांनी एफ 64 नावाचा गट स्थापून सॅन फ्रान्सिस्कोत प्रदर्शन भरवले. हे नाव लेन्सच्या अतिशय लहान छिद्रावरून घेतले होते, कारण त्या छिद्रामुळे जवळच्या गोट्यापासून दूरच्या खडकापर्यंत सारे रेखीव येते. 1940 मध्ये अ‍ॅडम्सने सॅन मॅटेओच्या किनाऱ्यावर कड्यावरून खाली पाहत वाळूवर पसरणाऱ्या फेसाची पाच चित्रांची मालिका घेतली. किनारा तोच, उभे राहण्याची जागा तीच आणि प्रत्येक वेळी फेसाची रेघ निराळी. नवशिक्याने नक्कल करायचीच असेल तर याच मालिकेची करावी असे मी म्हणेन, कारण तिच्यासाठी खास साधने लागत नाहीत, पाहण्याचा धीर लागतो.

लाटेच्या वेगाचा प्रश्न फिल्म वेगवान झाल्यावर सुटला आणि मग काही छायाचित्रकार उलट दिशेने निघाले. ज्या गतीला थांबवण्यासाठी लुएलिन आणि ल ग्रे यांनी जिवाचे रान केले, ती गती आता मुद्दाम वेळ लांबवून विरघळवण्यात आली. इंग्लंडमध्ये 1953 मध्ये जन्मलेल्या मायकेल केन्नाने रात्री आणि पहाटे तासन् तास शटर उघडे ठेवून समुद्राला धुक्यासारखे रूप दिले. त्याच्या प्रिंट लहान, साधारण आठ इंची चौरस असतात आणि त्या हातात धरण्याइतक्या जवळून पाहाव्या लागतात. जपानच्या हिरोशी सुगिमोतोने 1980 पासून जगभरचे समुद्र एकाच मांडणीत घेतले, वर निम्मे आकाश, खाली निम्मे पाणी आणि मधोमध क्षितिज. जहाज नाही, किनारा नाही, माणूस नाही. आदिमानवाने पाहिले असेल तसे दृश्य आज पाहता येईल का, या प्रश्नातून ही मालिका निघाली.

आज दिवसाउजेडीही हा परिणाम साधता येतो. एनडी फिल्टर म्हणजे रंग न बदलता प्रकाश कमी करणारी गडद काच, तिचा प्रत्येक स्टॉप प्रकाश निम्मा करतो. दहा स्टॉपचा फिल्टर प्रकाश सुमारे एक हजारांश करतो, म्हणून एका सेकंदाच्या साठाव्या भागाऐवजी सुमारे सतरा सेकंद शटर उघडे ठेवता येते. यामुळे दुधाळ पाण्याची चित्रे इतकी वाढली आहेत की समुद्र म्हणजे असेच गुळगुळीत पाणी असा समज व्हावा. मला यात तोटा दिसतो. सतरा सेकंदांत लाटेचा आकार, तिचा कणा आणि फुटण्याचा क्षण सगळेच जाते. अर्धा ते एक सेकंद एवढाच वेळ दिला तर ओसरत्या पाण्याच्या रेघा वाळूवर उमटतात आणि पाणी पाण्यासारखेही राहते.

डिजिटल कॅमेऱ्याने फिल्टरची जागा संगणकात नेली. कोडॅकमधील ब्राइस बायर यांच्या 1976 च्या पेटंटनुसार सेन्सरवर हिरव्या, तांबड्या आणि निळ्या फिल्टरची नक्षी बसवलेली असते, त्यात हिरवे ठिपके तांबड्या किंवा निळ्यांच्या दुप्पट असतात. रॉ फाइल, म्हणजे सेन्सरने टिपलेली प्रक्रिया न केलेली माहिती, ठेवली तर या तीन रंगांचे प्रमाण नंतर बदलून हवा तो फिल्टर लावल्यासारखा परिणाम मिळवता येतो. निळा फार खाली ओढला की आकाशात रवाळपणा येतो आणि क्षितिजावर पांढुरकी कडा दिसू लागते, एवढे सांभाळावे. 2012 मध्ये लायकाने ही नक्षी काढून टाकलेला, केवळ कृष्णधवल चित्रे घेणारा कॅमेरा आणला, त्यात मात्र पुन्हा लेन्सपुढे काचेचा फिल्टर लावावा लागतो.

कोकणच्या किनाऱ्यावर या साऱ्याची परीक्षा फार चांगली होते. हरिहरेश्वरचा लाटांनी कोरलेला कातळ काळ्या बेसॉल्टचा आहे, तो कोणत्याही फिल्टरखाली गडदच राहतो आणि फेसाशी त्याचा विरोध आपोआप साधतो. रत्नागिरीच्या जांभ्याची गोष्ट निराळी आहे. लाल फिल्टर लावला की जांभा फिका पडतो आणि मागचे आकाश गडद होते, निळा लावला की जांभा काळवंडतो आणि आकाश पांढरे होते, म्हणजे जुन्या कोलोडियनच्या काचेला दिसले असते तसे. एकाच कड्याची अशी दोन चित्रे शेजारी ठेवली तर ती एकाच ठिकाणची आहेत हे सांगूनही खरे वाटत नाही. पावसाळ्यात मात्र आकाशच राखाडी असल्याने रंगीत फिल्टर त्याला हात लावू शकत नाही. तेव्हा चित्र ठरते ते उधाणाची वेळ, ओला दगड आणि शटर किती वेळ उघडे ठेवले यांवर.