‘तेज गति व लापरवाही’ हे चार शब्द आले कुठून

इंदूरमध्ये कुणाचा एक्सिडेंट झाला आणि एफआयआरची कॉपी घरी आली की त्यात एक ओळ हमखास असते, "वाहन को तेज गति व लापरवाहीपूर्वक चलाकर टक्कर मारी". गाडी ट्रक असो, ई-रिक्षा असो नाहीतर अ‍ॅक्टिवा, ओळ तीच. मागच्या पावसाळ्यात आमच्या काकांना पलासियाच्या अलीकडे एका डिलिव्हरीवाल्या पोराच्या बाईकने पाडलं. संध्याकाळची गर्दी, बाईक वीसच्या वर नसेलच, आणि काका सांगतात की पोरगा हँडलवर लावलेल्या मोबाईलकडे बघत होता, त्याच्या तोंडावर स्क्रीनचा निळसर उजेड पडलेला, काकांना त्याचे डोळे दिसलेच नाहीत, फक्त पापण्या दिसल्या. खुब्याचं हाड गेलं. ठाण्यात हे सगळं सांगितलं आणि कागदावर आलं तेज गति व लापरवाही. मी विचारलं, तेज गति कुठे होती यात? तर लिहिणारा शांतपणे म्हणाला, "ऐसा ही लिखा जाता है भैया, नहीं तो धारा नहीं बनेगी."

हे चार शब्द कुठून आले, आणि ‘लक्ष नव्हतं’ एवढी साधी गोष्ट त्यात का बसत नाही, ते बघायचं तर मागे जावं लागतं.

मूळ शब्द 1860 च्या दंडसंहितेतले. कलम 279, सार्वजनिक रस्त्यावर माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा हयगयीने वाहन हाकणं. तेव्हा मोटार नव्हतीच, टांगे, बग्ग्या, बैलगाड्या डोळ्यासमोर ठेवून लिहिलेलं कलम. हयगयीने मृत्यू घडवण्याचं 304-अ हे 1870 मध्ये जोडलं गेलं. मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा 1914 चा, मग 1939 चा, मग 1988 चा जो आज चालतो.  आणि इंदुरात राजवाडा, सराफा, जेल रोड या भागात आजही जे गल्लीबोळ आहेत ते मोटारीच्या मापाचे कधीच नव्हते.

आता मुद्दा नीट बघा. कायद्यात आहे ‘किंवा’. बेदरकारपणे किंवा हयगयीने, दोन वेगळ्या गोष्टी, एकही पुरेशी. हिंदी पाठातही ‘उतावलेपन या उपेक्षा से’ असंच आहे. ठाण्यात येईपर्यंत त्या ‘या’चं ‘व’ झालं आणि उतावळेपणाची झाली तेज गति. म्हणजे कायद्यात जे दोन वेगळे रस्ते होते ते कागदावर एकच झाले, आणि त्यात स्पीड पुढे आला, हयगय त्याच्या मागे शेपटासारखी. लिहिणाऱ्याचंही पूर्ण चुकतं असं नाही. नुकसानभरपाईच्या क्लेमच्या केसमध्ये समोरच्याची हयगय दाखवावी लागते, ती एफआयआरमध्येच नसली तर विमा कंपनीचा वकील पहिल्या तारखेला तेच धरून बसतो, म्हणून सगळे घटक एका ओळीत कोंबून टाकायची सवय लागली.

पण याचा उलटा फटकाही बसतो आणि तो फार कमी लोकांना माहीत असतो. 1998 मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने एका ट्रकच्या केसमध्ये सांगितलं की गाडी ‘हाय स्पीड’ने होती एवढ्यावरून ना बेदरकारपणा सिद्ध होतो ना हयगय, स्पीड ही सापेक्ष गोष्ट आहे, नेमकं काय चुकलं ते दाखवा. साक्षीदार मात्र एफआयआरमधलीच ओळ म्हणतो, तेज गति से आ रहा था. ड्रायव्हर कुठे बघत होता, हातात काय होतं, हे त्याला कुणी विचारतच नाही कारण कागदावर त्याला जागा नाही. मग केस पडली की नवल कसलं.

आणि हेच आकड्यांत उतरतं. केंद्राच्या 2022 च्या अपघात अहवालात देशभरात 1,68,491 मृत्यू आहेत, त्यातले 71.2 टक्के ओव्हरस्पीडिंगच्या खात्यात. मोबाईलच्या खात्यात दोन टक्क्यांच्या आसपास. एकूण अपघातांत मध्य प्रदेश तमिळनाडूनंतर दुसरा, 54,432. त्या तक्त्यात खाती मोजकीच आहेत, स्पीड, दारू, राँग साइड, सिग्नल तोडणं, मोबाईल आणि ‘इतर’. लक्ष नसणं म्हणून खातं नाही. मोबाईलचं खातं भरायचं तर ड्रायव्हरने कबूल करावं लागतं किंवा कुणी पाहिलेलं असावं लागतं, स्पीडचं खातं भरायला काहीच लागत नाही. 2021 पासून आपल्या मध्य प्रदेशात पोलीस हे सगळं ॲपवर भरतात, जागेचं लोकेशन, फोटो, सगळं येतं, पण कागदावरची तीच जुनी ओळ ॲपमध्ये गेली तर ॲप तरी काय करणार? माझं ठाम मत आहे की तो 71 चा आकडा सगळाच्या सगळा स्पीडचा नाही, त्यात आमच्या काकांना पाडणाऱ्या पोरासारखे वीसच्या स्पीडवालेही बसवलेले असणार.

मोबाईल कायद्यात शिरला तोही असाच अडखळत. 2017 च्या ड्रायव्हिंग नियमांनंतर मोटार वाहन कायद्यात 2019 ची दुरुस्ती आली, 1 सप्टेंबर 2019 पासून लागू, त्यात कलम 184 मध्ये गाडी चालवताना ‘हँडहेल्ड’ साधन वापरणं हे धोकादायक ड्रायव्हिंग ठरलं, पहिल्या वेळी हजार ते पाच हजार दंड किंवा कैद. वर्षभरानंतर ऑक्टोबर 2020 मध्ये नियमात आलं की हँडहेल्ड साधन फक्त रस्ता बघण्यासाठी म्हणजे नेव्हिगेशनसाठी वापरता येईल, चालवणाऱ्याची एकाग्रता भंग होणार नाही अशा रीतीने. आता ती एकाग्रता भंग झाली की नाही हे चौराह्यावरचा शिपाई ठरवणार कसं? काकांना पाडणारा पोरगा मॅपच बघत होता, त्याने स्वतःच सांगितलं. तो म्हणेल मी परवानगी असलेलंच करत होतो. शब्द ‘हँडहेल्ड’ असल्यामुळे सगळी नजर हातावर गेली आणि डोळे सुटले, डोकं सुटलं. वास्तविक 1997 मध्येच टोरंटोच्या एका अभ्यासात दिसलं होतं की फोनवर बोलत असताना टक्कर होण्याचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हँड्सफ्रीने तो कमी झालेला दिसला नाही. साधा हिशोब करा, चाळीसच्या स्पीडला गाडी सेकंदाला अकरा मीटर जाते, तीन सेकंद मॅप बघितला तर तेहेतीस मीटर तुम्ही डोळे मिटून गेलात. पलासियाला तेवढ्यात दोन ई-रिक्षा, एक गाय आणि शाळेची व्हॅन येते.

शहराच्या मधून जाणाऱ्या ए.बी. रोडचं, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्याचं, इथे सांगायलाच हवं कारण गर्दी आणि लक्ष यांचं नातं आपण तिथेच पाहिलंय. 2006 पर्यंत टेम्पो आणि नगरसेवा नावाच्या मिनीबसच होत्या, मग सिटी बस आल्या, आणि 2013 पासून निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा साडेअकरा किलोमीटर रेलिंगच्या आत बीआरटीएस, म्हणजे फक्त बससाठी राखलेली लेन. मध्यंतरी काही काळ कारनाही आत सोडलं, मग पुन्हा बंद. रेलिंगमुळे बाहेरची लेन चेपली हे खरंच होतं, मीही त्यात तासनतास अडकलोय, पण एक होतं, बस कुठून येणार हे माहीत असायचं. फेब्रुवारी 2025 मध्ये हायकोर्टाने ते काढायला परवानगी दिली आणि लगेच रेलिंग उखडायला सुरुवात झाली. वाद सगळा किती मिनिटं वाचणार यावर झाला. रेलिंग गेल्यावर पायी क्रॉस करणाऱ्याला आता किती बाजूंना बघावं लागेल यावर फारसं कुणी बोललं नाही.

2025 हे वर्षच तसं गेलं. जूनमध्ये देवास रोडवर चाळीस तासांच्या आसपास जाम. ऑगस्टपासून हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही. सप्टेंबरात एअरपोर्ट रोडवर प्यायलेल्या ड्रायव्हरचा ट्रक नो एंट्रीत घुसून माणसं चिरडत बडा गणपती चौकापर्यंत गेला, त्यानंतर नो एंट्रीवर कडक नजर. हेल्मेट हवंच, नो एंट्रीही हवी. पण हेल्मेट लांबून दिसतं, ट्रक लांबून दिसतो, म्हणून तिकडेच सगळा जोर. हेल्मेटच्या आत कानाशी खुपसलेला फोन दिसत नाही, आणि तो मी रोज विजयनगरच्या सिग्नलला बघतो, मान खांद्यावर कलती आणि गाडी चालूच.

1 जुलै 2024 ला दंडसंहिता बदलली. 279 चं 281 झालं, 304-अ चं 106 झालं आणि त्याची शिक्षा दोन वर्षांवरून पाचवर गेली. पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षं म्हणून जे पोटकलम होतं त्यावर आधीच जानेवारीत ट्रकवाल्यांचा संप झाला, पंपांवर रांगा लागल्या, आणि ते लागू करणं थांबवलं. पण बेदरकारपणे किंवा हयगयीने हे 1860 चं जोडपं जसंच्या तसं नव्या कलमात आलं. काकांच्या केसमध्ये कलम 281 लागलंय, खाली तीच ओळ. पुढच्या तारखेला काकांची साक्ष आहे, वकिलांनी त्यांना सांगून ठेवलंय की स्पीडचं विचारलं तर जे होतं तेच सांगा, आणि त्या पोराच्या पापण्या दिसल्या हे न विचारताही सांगा.